बोरीखालची खापरं

४ मार्च

"उम्म गायब, ब्रश कुठेय? उम्म गायब, पाणी संपलं! उम्म गायब, चहा झाला का?" — दिवसभर हेच. माझं नाव रसमिया आहे. ते आता फक्त ओळखपत्रावर उरलंय.

इथे बाई पोराच्या नावाने ओळखली जाते. उम्म म्हणजे आई. उम्म सत्तार, उम्म जब्बार. आणि जिला पोर नाही ती उम्म गायब. अजून न आलेल्याची आई! म्हणे बाईचा मान राहावा म्हणून ही पद्धत. नवरा मातीत गेला, केस पांढरे झाले, आता कोण यायचं राहिलंय माझ्याकडे? आणि जी आली होती तिला सगळे सोयीस्करपणे विसरले. नुवैर नाव होतं तिचं. चाळिसावा दिवससुद्धा पाहिला नाही तिने. पण होती ना? होती!

खोदकामातून आज खापरं पाट्याच्या पाट्या आली. टेकाडावर जिथे कुदळ मारावी तिथे खापरं. चार हजार वर्षांपूर्वीच्या बायका काय रोज भांडी आपटून फोडत होत्या की काय? मला तरी तसंच वाटायला लागलंय, आणि त्यांचं बरोबरच असणार.

धुवायची माझी जागा पश्चिमेच्या उतारावर, बोरीखाली. दुसरी सावलीच नाही कुठे. पण ही बोर म्हणजे वैरीण आहे. खाली बसावं तर काटे, उठावं तर ओढणी अडकते. बोटांत सलतात ते वेगळेच. टबातलं गढूळ पाणी मी तिच्याच बुंध्याशी ओतते आणि ती त्यावर फोफावते. आज खोदकामाचे प्रमुख डॉक्टर मुहन्नद म्हणाले, पुढचा चर इथेच घ्यायचा, झाड काढावं लागेल. मी म्हटलं, काढा एकदाचं!

मुकादम अबू हमदान चहाचा पेला ठेवून उभा राहिला. "डॉक्टर, भिंत म्हणाल ती खणतो. बोरीला कुदळ लावणार नाही. आमच्यात ती पवित्र, कुणी लावत नाही."

"मग मशीन आणू."

"आणा. मशीनला आई-बाप नसतात."

५ मार्च

घरी म्हातारीने, सासूने, आज पुन्हा भाकरी परत केली. "तंदूर थंड होता वाटतं." तंदूर नाही, हात थंड होते. तुमच्यासाठी रोज थापून थापून!

८ मार्च

टेकाडावर आज लग्नघर. उत्तरेच्या टोकाला, पाण्याच्या अंगाला, जुन्या घराच्या भिंतीच्या कोपऱ्यात अख्खा रांजण निघाला. अख्खा! चीर आहे, पण तुकडा एकही गेलेला नाही. खांद्यावर नागमोडी रेघांची नक्षी, तोंडावर वाडगं पालथं घातलेलं आणि कडेने डांबर लावून बंद केलेलं. डॉक्टर मुहन्नद त्या मातीत गुडघ्यांवर बसले. बगदादचा माणूस, इस्त्रीच्या पँटीला धूळ लागली तर दिवसभर झटकत बसतो, आज लोळायचाच बाकी होता.

आत तान्हं पोर. म्हणजे पोराचं जे काय उरतं ते. हाडं काडीएवढी.

"त्या काळी तान्हं मूल गेलं की घराच्या जमिनीखालीच ठेवायचे, रांजणात," डॉक्टर गोळा झालेल्या सगळ्यांना सांगत होते. "चार हजार वर्षं! आणि डांबर बघा, जसंच्या तसं!" मग मला, "उम्म गायब, हा तुमच्या हातात देतोय. जपून साफ करा. शहरातला हॉल उघडतोय ना, मधल्या काचेच्या पेटीत हाच."

हॉल म्हणजे जिल्ह्याच्या म्युझियमचा. युद्धात लोकांनी खिळेसुद्धा काढून नेले, तेव्हापासून रिकामा पडलाय. डॉक्टरांवर तो भरायची जबाबदारी आहे. मान्य. पण पोरं हसत होती, फोटो काढत होती, एकाने रांजणाशेजारी बसून बोटं वर केली. मी ओरडले, "ऊठ तिथून! आत मूल आहे!"

"उम्म गायब, ते चार हजार वर्षांचं आहे," तो म्हणाला.

मग काय झालं? चार हजार वर्षांपूर्वी त्याला आई नव्हती? ती आई निदान त्याच घरात राहत होती. त्याच जमिनीवर भाकरी करत होती. पोर कुठे आहे ते तिला ठाऊक होतं.

मला नाही. देशावर निर्बंध होते ती वर्षं, बाहेरून औषध येत नव्हतं, मी तापात होते. जाग आली तेव्हा पाळणा रिकामा. सासूबाई आणि शेजारच्या दोघी तिघी हात धुऊन आल्या होत्या. कुठे नेली? "विचारू नकोस. जागा विचारलेल्या बाईला पुढचं मूल राहत नाही." ही इथली रीत! मी शत्रा गावाहून आलेली सून, मला काय माहीत यांच्या रिती. नवरा पलटणीत. आला तर तोही आईच्या मागे उभा, मान खाली. मी नंतर विचारायचं सोडलं. पुढचं मूल तरीही राहिलं नाही. मग सगळे म्हणाले, हिने मनातल्या मनात विचारलं असणार!

गेल्या ईदला नजफला जाऊन नवऱ्याच्या कबरीवर पाणी शिंपडून आले. दरवर्षी जाते. तिथे लहान लहान कबरी दिसल्या की प्रत्येकीपाशी उगाच थांबते. बाटलीत थोडं पाणी उरतं. ते कुठे ओतायचं कळत नाही. मीच पिऊन टाकते.

९ मार्च

घरी रांजणाचं सांगायला नको होतं. सांगून बसले.

सासूबाई, म्हणजे हज्जिया तिस्वाहिन. हज्जिया हे मानाचं, आणि तिस्वाहिनचा अर्थ 'एकटी सगळ्यांच्या तोडीची'. खरं आहे, एकटी सगळ्यांना पुरून उरली. नवऱ्याला, पोराला. गुडघे गेले, नजर गेली, जीभ शाबूत.

"केवढा रांजण?" तिने विचारलं.

"आहे कमरेएवढा."

"कुठल्या अंगाला सापडला?"

"तुम्हाला काय करायचंय, आत्याबाई? जाणार आहात बघायला?"

"अगं, कुठल्या अंगाला ते विचारतेय."

"जागा विचारू नये. पुढचं मूल राहत नाही." म्हटलं मी. असं म्हटलं आणि बरं वाटलं. थोडा वेळ का होईना, बरं वाटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

१२ मार्च

धुळीचं वादळ. काम बंद. दातांत माती, चहात माती, या पानावर माती.

१५ मार्च

लिहिते, नाहीतर ओरडेन.

रांजणातली माती आज तळापर्यंत नेली. चमच्याने काढायची, चाळायची, परत चमचा. हाडं कालच डॉक्टरांनी वेगळी करून कापसात ठेवली होती. तळाशी माती घट्ट, ओल लागून बसलेली. त्यात कुंचल्याला काहीतरी अडकलं. आधी वाटलं मणी. मग निळं दिसलं. धुतलं. सातडोळी!

सातडोळी म्हणजे भाजलेल्या मातीची निळी चकती, सात भोकांची. इथल्या प्रत्येक तान्ह्याच्या अंगावर असते, दृष्ट लागू नये म्हणून. आणि तिला पिन होती. पिन! पितळेची, हिरवी पडलेली, पण उघडमीट होणारी पिन. चार हजार वर्षांपूर्वी कुठल्या दुकानात मिळत होती पिन?

चकती उलटी केली. मागे ओल्या मातीत नख दाबल्याची खूण. चंद्रकोरीसारखी.

ही खूण मी ओळखते. नुवैरच्या झबल्यावर मी स्वतः लावली होती सातडोळी. सासूबाईंनी पेटीतून काढून दिली होती. मागे नखाची खूण. रात्र रात्र पोरीला पाजताना माझं बोट त्या खाचेवर फिरायचं. जन्मभर कुणाच्या हातात दिली तरी डोळे मिटून सांगेन.

म्हणजे रांजणात. माझी पोर रांजणात. आणि मी आठवडाभर तिच्यावरची माती चमच्याने काढत होते, वर गुणगुणत होते. पोरं शेजारी बसून फोटो काढत होती. आणि ती बाई घरी पडून विचारत होती, केवढा रांजण, कुठल्या अंगाला! माहीत होतं ना तुला? खात्री करून घ्यायची होती ना?

पिन पितळेची होती का माझी? आठवत नाही. काय फरक पडतो?

१६ मार्च

डॉक्टरांपुढे पिन ठेवली.

बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला. "उंदरांची बिळं असतात, उम्म गायब. वरच्या थरातलं खाली येतं."

"बंद रांजणात? डांबराखालून?"

"चीर आहे ना रांजणाला."

"चिरेतून पिन आली, ठीक. चकतीपण आली? उंदराने नेऊन बरोबर तळाशी ठेवली?"

अबू हमदान दारात होता. तो म्हणाला, "डॉक्टर, आमच्या गावाकडे, शिर्कातलाही तान्ही पोरं जुन्या टेकाडावर पुरतात. मोठ्यांना कबरस्तान, तान्ह्यांना टेकाड. पावसाने रांजण उघडा पडलेला असतो, बाया तोच वापरतात. चांगला रांजण कोण टाकून देईल?"

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"तुम्ही इतके खूश होतात. म्हटलं, असेल बुवा जुनं."

तर डॉक्टर मलाच विचारतात, "हे बाहेर कुणाला बोललात का?"

तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, कुणाला बोलणार? पोरीच्या बापाला? तो मेला. ही माझी पोर आहे. माझी! तुमच्या काचेच्या पेटीत जाणार नाही ती. लोक तिकीट काढून बघणार, शाळेची पोरं नाकं लावणार काचेला?

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी म्हणाले काय? "शांत व्हा. नुसत्या चकतीवरून कसं ठरवायचं? अशा चकत्या हजारो आहेत. हाडांचा नमुना बगदादला पाठवला तर उत्तर यायला वेळ लागेल, आणि हॉल तर उघडायचाय. रसमिया, त्या हॉलमध्ये काही नाहीये हो. मी पाहिलाय लुटल्यानंतर. जमिनीवर नुसत्या फुटक्या काचा होत्या. या मुलखातून जगाला मडकं मिळालं आणि इथल्या पोरांना बघायला एक धड मडकं नाही."

पहिल्यांदाच माझं नाव घेतलं. तेही काम साधायला!

चकती मी परत दिली नाही. मुठीत धरून निघून आले.

१७ मार्च

घरी बोलले नाही. भात तिच्यापुढे ठेवला, पाठ फिरवली.

१९ मार्च

आज बोलले.

चहा नेऊन दिला आणि त्या बशीतच सातडोळी टाकली. खणकन आवाज आला. "ही कुणाची, आत्याबाई?"

तिला दिसत नाही नीट. चाचपडली. हाताला लागली तशी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"बोला ना आता! रांजणात कोंबलीत माझी पोर? लोणचं घालतात तशी? वर डांबर लावून? आणि मला म्हणालात विचारू नकोस! इतकी वर्षं तुमचे पाय चेपले, तुमचं मूतपोतेरं काढलं, तुमचा मुलगा गेल्यावर माझे भाऊ न्यायला आले होते, गेले नाही. म्हटलं, म्हातारीला कोण बघणार. आणि तुम्ही मला एवढंसं सांगू शकला नाहीत? एक बोट दाखवायचं होतं. नुसतं एक बोट!"

शेजारीण कुंपणावरून डोकावली. डोकावू दे! मी आणखी मोठ्याने बोलले.

म्हातारी चकतीच्या मागच्या बाजूवर अंगठा फिरवत होती. मग पिनेवर. पिन उघडली, मिटली.

"पितळेची आहे," एवढंच म्हणाली.

"पितळेची असो नाहीतर सोन्याची! मी काय विचारतेय?"

तिने मूठ मिटली. मी ओढून घ्यायला गेले तर सुटेना. त्या काटकुळ्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मी तिची बोटं उलगडत होते, खरंच उलगडत होते, एकेक करून. मग माझं मलाच कसंतरी झालं आणि सोडलं.

२० मार्च

जेवली नाही. मूठ तशीच. मीही आग्रह केला नाही.

२१ मार्च

आज मातृदिन. बगदादहून बकलाव्याचा डबा आला. डॉक्टर स्वतः वाटत होते, खापरं धुणाऱ्या सगळ्या बायकांना. "उम्म सत्तार, तुम्हाला. उम्म जब्बार, घ्या ना अजून एक." माझ्यापाशी आले आणि डबा हातात घेऊन उभेच राहिले. द्यावा की न द्यावा! शेवटी दोन तुकडे ठेवले. एक नाही, दोन. दया आली म्हणजे माणूस मोजमाप विसरतो.

बोरीच्या बुंध्याशी टाकून दिले. मुंग्यांची तरी चैन.

वर सांगतात काय, गुरुवारी ट्रक येतोय. रांजण आणि हाडं दोन्ही जाणार. पाटीवर 'तान्ह्या मुलाचे दफन' एवढंच लिहू म्हणे, काळ लिहायचा नाही. ही त्यांची तडजोड! आणि रविवारी मशीन येणार, बोर पाडायला. अबू हमदानने सामान बांधायला घेतलंय. मशीन आलं की मी गावी, म्हणाला.

"एका झाडासाठी?" मी म्हटलं. "मी इथे पोरीसाठी भांडतेय आणि तुम्ही काटेरी झाडासाठी?"

"तू तुझं भांड, मी माझं भांडतो, बहिणी."

दोघंही हरणार, दिसतंच आहे.

२३ मार्च

म्हातारी तीन दिवस झाले, नुसत्या पाण्यावर आहे. आज दुपारी हाक मारली. "मला टेकाडावर ने."

"कशाला?"

"ने म्हटलं ना."

"चालता येत नाही तुम्हाला."

"मग उचलून ने."

उद्या ट्रक आहे. बरंच झालं. येऊ दे. सगळ्यांसमोर विचारते.

२४ मार्च

अबू हमदानने पिकअप दारापर्यंत आणली. दोघांनी मिळून तिला पुढच्या सीटवर बसवलं. काळ्या अबायात गुंडाळलेलं एवढंसं गाठोडं. वाटभर मूठ मांडीवर.

रांजण डॉक्टरांच्या कचेरीच्या अंगणात होता, खोक्यात, भोवती गवत. ट्रक यायचा होता. डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिला खोक्याशेजारी जमिनीवर बसवलं. तिने दोन्ही हात आत घातले आणि रांजणावरून फिरवले. खांद्यावर, नक्षीवर, तोंडाशी. तोंडाच्या कडेला डांबराचा ओघळ राहिलाय. तो नखाने खरवडला. वास घेतला.

"हे होडीचं," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या होडीचं उरलेलं. मी बाजेवर पडले होते. डांबर तापवल्याचा वास आला. मी विचारलं, आत्या, डांबर कशाला तापवताय? सासू म्हणाली, होडी गळतेय."

ती कुणाबद्दल बोलतेय ते मला आधी कळलंच नाही.

"माझी पहिली," म्हातारी म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या आधीची. माझ्या आईने कर्बल्याहून दोन चकत्या आणल्या होत्या, एकाच कुंभाराच्या. एक हिच्या अंगावर लावली, या पितळेच्या पिनेने. आईच्या अबायाची पिन होती ती. दुसरी जपून ठेवली, ती तुझ्या पोरीला दिली. तिची पिन लोखंडी होती. बाजारातून तूच आणली होतीस."

लोखंडी. हो, लोखंडी. झबल्यावर गंजाचा डाग पडायचा, मी लिंबू चोळायचे! इतक्या वर्षांत हे आठवलं नाही मला.

मग तिने मान वर केली. कुणाकडे बघतेय ते तिला दिसत नव्हतं. "कुठल्या अंगाला होती?" विचारलं.

मी सांगितलं. उत्तरेच्या टोकाला, पाण्याच्या अंगाला. भिंतीच्या कोपऱ्यात. वारा लागत नव्हता. रांजण तिरका नव्हता, नीट बसवला होता.

"उत्तरेला," ती म्हणाली. "मी दक्षिणेला शोधत होते. जळण गोळा करायच्या निमित्ताने जायचे. सासू मेली तरी शोधत होते. कुणाला विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून तुझा नवरा जन्मला, जगला. मग तू आलीस आणि तुझी पोर गेली. मला वाटलं, हिलाही होईल. फक्त हिने विचारू नये."

"आणि नाही झालं तेव्हा?" मी ओरडले. होय, तिथेही ओरडले, तिच्या पोरीसमोर. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

मला अजून राग येत होता. रागाचीच सवय आहे मला. पण तो कुणावर काढू? तिच्यावर? तिच्या सासूवर? ती कधीच मातीत गेली. तिलाही तिच्या सासूने सांगितलं नसणार. अशी किती मागे जाऊ? त्या चार हजार वर्षांवाल्या बाईपर्यंत?

डॉक्टर वाकून म्हणाले, "उम्म गायब, यांना आत सावलीत नेता का?"

म्हातारी फटकन वळली. "उम्म गायब कोण? हिला पोर होती. हिचं नाव उम्म नुवैर."

डॉक्टरांचे कान लाल झाले. म्हणाले, "चुकलो, हज्जिया." मग ट्रकवाला हॉर्न वाजवत आला तर त्याला रिकामा परत पाठवला. हाडं कापसासकट स्वतः आणून तिच्या ओटीत दिली. "रांजण?" अबू हमदानने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "रांजण हॉलमध्ये जाईल. रिकामा. मूल यांचं आहे."

उत्तरेच्या टोकालाच परत पुरलं, संध्याकाळच्या नमाजाआधी. तिची तशी इच्छा होती. सातडोळी आत ठेवली. पाणी तिने स्वतःच्या हाताने शिंपडलं.

परत येताना जे झालं ते आज लिहवत नाही.

२५ मार्च

परतताना पश्चिमेच्या उतारावर तिने गाडी थांबवायला लावली. काठी खिडकीबाहेर काढली. "इथे बोर आहे ना अजून?" आहे म्हटलं. "तेव्हा कमरेएवढी होती. तुझी तिच्या मुळाशी आहे. माझ्याच चादरीत गुंडाळली होती. रांजण मिळाला नाही."

सहा हंगाम मी तिथे बसतेय. तिथे जेवते. रोजचं पाणी तिथेच ओतते.

मशीन रविवारी येणार. येऊ दे. मी आणि अबू हमदान तिथेच बसलेले असू. डॉक्टरांना तसं सांगून आले.

आज खापरं टबात घातली नाहीत. नुसतं स्वच्छ पाणी नेलं.